पिवळी पडलेली नळी

"पान्याला असा वास येतो व्हय?"

"रेडिएटरचं पानी हाय म्हनलं ना एकदा! कूलंट असतं त्यात. वास येनारच."

"कूलंटचा वास मला म्हाईत हाय. ह्यो पेट्रोलचा हाय."

"आगं, गॅरेज हाय हे! हितं पेट्रोलचा न्हाई तर काय मोगऱ्याचा वास येनार?"

रतनबाई जागची हलली नाही. पदर कमरेला खोचून ती उकिडवी बसली होती आणि समोरच्या कोब्यावर तळहाताएवढा ओला डाग होता. ती बघत होती तोवर तो कडेकडेनं आकसत चालला होता. चैत्राचं ऊन कडक खरं, पण पाणी काही असं झरझर उडत नाही. तिनं बोट टेकवलं. बोट गार पडलं. नाकाशी नेलं. पेट्रोलच.

चहा पिऊन कप खाली ठेवण्याइतका वेळ झाला असेल नसेल, याच जागेवर शामकांत सरांची फियाट उभी होती. सर नगरचे, शाळेतून निवृत्त झालेले. बरोबर दमयंतीकाकू, लेक अनन्या आणि अनन्याच्या मांडीवर टोपडं घातलेलं तान्हं बाळ. मोहट्याला देवीच्या पायावर बाळ घालून मंडळी परत नगरला निघाली होती. जाताजाता पाथर्डीत रतनबाईच्या नवऱ्याच्या, कारभारीच्या गॅरेजवर थांबली, कारण पाथर्डीवरून जायचं आणि कारभारीला गाडी दाखवायची नाही, असं सरांनी कधी केलंच नव्हतं.

"हात लावून बघा," रतनबाई म्हणाली. "पानी एवढं गार लागतं का?"

कारभारीनं हात लावला नाही. तो स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसत होता. स्क्रू ड्रायव्हर मघाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत होता. तीस वर्षांच्या संसारात रतनबाईला नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हातांवरून जास्त कळायचं.

"बॉनेट उघडलं हुतं तुमी. आत काय केलं?"

"क्लिप आवळली. जरा ढिली हुती."

"कशाची?"

"नळीची."

"कोन्च्या नळीची?"

फडकं थांबलं.

"दसऱ्याला तुमी माझ्या बंडलातली वीतभर नळी कापून नेली हुती," ती उठत म्हणाली. "मी इचारलं तर म्हनला, गवंड्याला लेवल बघायला पायजे. ती गवंड्याला दिली का सरांच्या गाडीला घातली?"

"घातली! मग? काय बिघडलं? समदे मिस्त्री तीच घालत्यात. आतनं पेट्रोल पळताना दिसतंय. आन सरांची जुनी रबरी नळी फुगून चिकाट झाल्ती, हाताला काळं लागत हुतं. तशी सोडू का गाडी?"

"फवारनीची नळी हाय ती! औषधाची! पेट्रोलची न्हाई!"

"तू मला शिकवनार आता?"

इथे रतनबाईविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर तिच्या आवाजात एवढी धार कुठून आली ते कळायचं नाही.

कारभारीचं गॅरेज नगर रस्त्याला, आणि त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या टायरांच्या चळतीपलीकडे, रतनबाईचा संसार होता. म्हणजे भांड्यांचा नव्हे, फवारणी पंपांचा. लहानपणी आईबापाच्या मागं आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर ती कारखान्यांवर ऊस तोडायला जात असे. कारभारी तिथंच ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांच्या हाताखाली मिस्त्री झाला. पुढं गॅरेज टाकलं, कोयता सुटला, आणि रतनबाईला दिवस खायला उठला. एकदा कुणीतरी बंद पडलेला पंप गॅरेजवर टाकून गेलं. कारभारी म्हणाला, असली खेळणी मी दुरुस्त करत नसतो. रतनबाईनं तो पंप उघडला. कोब्यावर गोणपाट अंथरून सगळे भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडले, जशी मोळ्या रचायची तशी, आणि उलट्या क्रमानं जोडले. पंप सुरू झाला. आता जामखेडच्या बाजूनंसुद्धा माणसं पंप घेऊन येतात आणि गॅरेजशी आली की आधी विचारतात, "रतनमावशी हायेत का?" कारभारीला ते ऐकू येतं. तो तेव्हा उगाच पाना आपटतो.

त्या पंपांनीच तिला नळीचा धडा दिला होता. पाठीवरच्या पंपाला छोटं पेट्रोलचं इंजिन असतं, त्याला करंगळीएवढी नळी. पूर्वी ती नळी वर्षानुवर्षं टिकायची. पेट्रोलमध्ये उसापासून काढलेलं इथेनॉल जास्त जास्त मिसळायला लागले आणि पंप एकामागून एक गळायला लागले. पारदर्शक नळी आधी पिवळी पडायची, मग कडक व्हायची, आणि वाकवली की काचेच्या बांगडीसारखी कट्‌कन तुटायची. "पंधरा वरसं ऊस तोडला," रतनबाई म्हणायची, "तरी मेला पिच्छा सोडंना. आता नळीत शिरून आलाय." तिनं नगरहून नव्या पेट्रोलला चालणारी काळी, जाड नळी आणून खुंटीला टांगली. पेट्रोलला काळी, औषधाला पारदर्शक. कारभारीला तिनं सांगितलं होतं. तो हसला होता. "पंपाचं इंजिन आन गाडीचं इंजिन एक हाय का?" दुसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही. घरात शांतता राहावी म्हणून बाई किती गोष्टी दुसऱ्यांदा सांगत नाही, त्यातली ही एक.

"फोन लावा," ती आता म्हणाली.

"कशाला? उगं म्हाताऱ्या मानसाला घाबरवायचं..."

"फोन लावा म्हनते ना!"

कारभारीनं लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"गाडी चालवताना सर फोन घेत न्हाईत," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा सुटल्यासारखं वाटलं. "डॅशबोर्डच्या खनात टाकत्यात. शिस्तीचा मानूस. घरी पोचले की करत्याल."

"घाट लागंल त्यांना."

"तर?"

"तर इंजिन तापंल! कडक झाल्याली नळी, खाली तापलेलं लोखंड, आन आत ते लेकरू! अवो, टोपडं घातल्यालं लेकरू हाय त्यात! मी मघाशी त्याच्या हातावर साखर ठिवली!"

रतनबाईनं खुंटीवरची काळी नळी हातभर कापली, दोन नवीन क्लिपा पिशवीत टाकल्या, आणि रस्त्याकडे चालू लागली.

"कुठं निघाली?"

"कुनाचं तरी पिकअप मिळंल."

"थांब," कारभारी म्हणाला. "थांब की! काढतो गाडी."

मोटारसायकलवर ती दोघं निघाली तेव्हा वारा तोंडावर भाजत होता. रतनबाई प्रत्येक वळणावर मान बाहेर काढून बघत होती. क्रीम रंगाची गाडी. टपावर जुनं कॅरियर. मागच्या काचेत लोकरीचा कुत्रा. तिसगावच्या चौकात दिसली नाही. पुढं देवराईला दिसली नाही.

"हळू चालवत्यात सर," कारभारी वाऱ्यात ओरडला. "करंजीच्या अलीकडंच गाठू."

"क्लिप किती आवळली?"

"आं?"

"क्लिप! किती आवळली?"

"आवळतात तेवढी!"

"मऊ लागत हुती का कडक?"

त्यानं गिअर बदलला. मोटारसायकल हिसका देऊन पुढं गेली, आणि तिनं त्याचा शर्ट घट्ट धरला. उत्तर मिळालं नाही, ते वाऱ्यावर गेलं असेल असं तिनं त्या क्षणी धरून घेतलं.

करंजी मागं पडली. घाटाच्या पायथ्याशी वाहनांची रांग दिसली. वरच्या वळणावर एक कंटेनर आडवा अडकला होता आणि त्याच्या मागं एस.टी., जीपा, ट्रक, सगळे हॉर्न वाजवत उभे. कारभारीनं गाडी कडेकडेनं घातली. एका जागी ट्रक आणि कठड्यामध्ये हँडलसुद्धा जाईना.

रतनबाई उतरली आणि पळत सुटली.

साडीचा घोळ एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात. चढ, धूर, हॉर्न. जीपमधून कुणीतरी म्हणालं, "मावशी, भांडन झालं काय?" आणि खिदळलं. तिच्या कानात फक्त स्वतःचा श्वास होता. एस.टी. ओलांडली, तिच्यापुढचा टेम्पो ओलांडला, आणि फियाट दिसली. बॉनेट उघडं. शामकांत सर वाकून आत काहीतरी करत होते. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

ती युक्ती तिला ठाऊक होती. सगळ्या फियाटवाल्यांना असते. उन्हाळ्यात घाटात फियाट बंद पडली की ती पेट्रोलच्या वाफेनं तुंबली असं समजायचं. इंजिनाला लागून असलेल्या छोट्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, थोडं थांबायचं, स्टार्टर मारायचा. ती युक्ती सरांना कारभारीनंच शिकवली होती.

"सर!" ती ओरडली. "सर, थांबा!"

हॉर्नच्या गदारोळात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी फडकं ठेवलं, बॉनेट लावलं, हात झटकले.

"अहो, मी परत सांगतेय, वास येतोय," गाडीतून दमयंतीकाकूंचा आवाज आला. "डोकं दुखायला लागलंय माझं."

"दमू, जुनी गाडी आहे. जुन्या गाडीला गाडीचा वास येणारच."

"तुम्हाला काय कळणार? करोनापासून तुम्हाला उदबत्तीचासुद्धा वास येत नाही! मान्य तेवढं करायचं नाही!"

"आई, बाबा, प्लीज, बाळ उठेल," अनन्या मागून म्हणाली.

सर आत बसले, दार ओढलं. त्यांचा हात किल्लीकडे गेला. रतनबाईनं उघड्या खिडकीतून हात आत घातला, सरांच्या मनगटावरून पुढं सरकवला, किल्ली उपटली आणि मुठीत घेतली.

"अहो! काय चाललंय काय!"

"स्टार्टर..." तिला पुढं बोलवेना. "स्टार्टर मारू नका. उतरा. समदे उतरा."

"रतनबाई? तुम्ही?"

"काकू, उतरा. ताई, लेकराला घिऊन आधी तुमी उतरा. तकडं, कठड्याकडं. लांब, आनखी लांब. सर, तुमीबी. मागनं बोलू."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, दमयंतीकाकूंनी एक प्रश्न विचारला नाही. दार उघडून त्यांनी अनन्याच्या हाताला धरलं आणि रांगेतल्या गाड्यांमधून तिला कठड्यापर्यंत नेलं. बाळ झोपेतच होतं. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर बिडी ओठाला लावून खाली उतरत होता. रतनबाई त्याच्यावर अशी खेकसली की बिडी त्याच्या हातातून खिशात कधी गेली ते त्यालाही कळलं नसावं.

मग तिनं बॉनेट उचललं.

पेट्रोल पंपावरचं फडकं चिंब होतं, आणि ते काही पाण्यानं चिंब नव्हतं. इंजिनाच्या कडेनं ओल खाली ओघळली होती. खाली डांबरावर थेंब पडत होते. मोजून एक ठिणगी पुरली असती. रतनबाईनं फडकं चिमटीत उचलून लांब खडीवर टाकलं आणि पिवळ्या नळीकडं बघितलं. तंबाखूनं खाल्लेल्या दातासारखी पिवळी. क्लिपच्या बरोबर खाली तडा गेला होता. बाकी नळी मळलेली, पण तड्याच्या कडा पांढऱ्या होत्या, आताच फोडलेल्या नारळातल्या खोबऱ्यासारख्या.

म्हणजे तडा आजचा होता.

मागं चपला वाजल्या. कारभारी धापा टाकत आला होता. त्यानं नळी बघितली. मग तिच्याकडं बघितलं. मग पटकन सरांकडं वळला.

"सर, तुमी लांब थांबा. मी बघतो."

इंजिन निवायला बराच वेळ लागला. तेवढ्यात कंटेनर निघाला, रांग सरकली, टेम्पोवाल्यानं आणि एस.टी.च्या वाहकानं मिळून फियाट ढकलून कडेला लावून दिली. कारभारीनं सगळं पुसलं, पिवळी नळी काढली, काळी बसवली. पहिली क्लिप त्यानं लावली. दुसरी क्लिप रतनबाईनं लावली. काढलेली नळी खडीवर पडली होती, ती तिनं उचलून पिशवीत टाकली.

"कारभारी, झालं काय नक्की?" सरांनी विचारलं. आता त्यांचाही चेहरा उतरला होता.

"नव्या पेट्रोलनं नळ्या कडक हुत्यात, सर. लई गाड्यांना हुतंय. तुमी गेला आन माझ्या मनात शंका आली. जिथं गाडी हुती तिथं बघितलं, तर ओलं. म्हनलं, फोन लावावा. तुमी काय घेत न्हाई. मग म्हनलं, आता थांबून चालायचं न्हाई."

रतनबाई पिशवीची गाठ मारत होती. ती मारतच राहिली.

सरांनी कारभारीचे दोन्ही हात धरले, ऑइलसकट. "अरे, दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गाडी दारातून गेली, माझं काम संपलं. एवढ्या उन्हात मागं धावून आलास! माझी नात आहे रे त्या गाडीत. तू देवमाणूस आहेस, कारभारी. शाळेतल्या सगळ्यांना सांगणार आहे मी."

"आमचं कामच हाय ते, सर," कारभारी म्हणाला. मान खाली घालून म्हणाला, आणि ती मान खाली घालणं इतकं साजरं दिसलं की मदतीला थांबलेला टेम्पोवालासुद्धा हेलावला.

दमयंतीकाकू रतनबाईजवळ आल्या. बाळ आता त्यांच्या खांद्यावर होतं, जागं झालेलं, घाटाकडं डोळे विस्फारून बघणारं.

"किल्ली तुम्ही काढलीत," काकू हळूच म्हणाल्या. "वासही आधी तुम्हालाच आला असणार. यांना नाकं नसतात हो."

रतनबाईनं बाळाच्या टोपड्याची सुटलेली नाडी बांधली. "गाडीनंच डाग ठिवला हुता, काकू. मी निस्ता बघितला." आणि लगेच, "हळू जावा. पोचल्यावर फोन करायला लावा सरांना."

फियाट घाट चढून दिसेनाशी होईपर्यंत दोघं कठड्याशी उभी होती. मग मोटारसायकलवर परत. परतीला कारभारी बोलत होता. खूप बोलत होता. कंटेनरवाल्यांना कसं चालवता येत नाही, करंजीत रसवंती कुठली चांगली, सुप्याला कंपनीत असलेल्या पोराला, ओंकारला आज रात्री फोन करून हे सगळं सांगायला पाहिजे. "मी म्हनतो, आपून पोचलो नसतो तर?" तो दोनतीनदा म्हणाला. रतनबाईनं या वेळी त्याचा शर्ट धरला नव्हता. तिनं मागचं कॅरियर धरलं होतं.

गॅरेजचं शटर घाईत अर्धंच ओढलेलं राहिलं होतं. दोघं वाकून आत गेली. आत कोंदट, अंधुक, आणि कोब्यावर काहीच नाही. डाग होता ती जागा आता सांगूनही ओळखू आली नसती.

"चहा टाक जरा," कारभारी टोपी खुंटीला अडकवत म्हणाला. "घसा सुकलाय."

रतनबाईनं पिशवी उघडली आणि पिवळी नळी त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवली, टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या पकडीशेजारी, उजेड पडत होता तिथं.

"तडा क्लिपच्या खाली हाय."

"आगं, झालं ना आता..."

"कडा पांढऱ्या हायेत. दसऱ्यापासूनचा तडा असता तर मळ बसला असता. ह्यो आज पडलाय. तुमी आवळली तवा."

"आवळावी लागली! ठिबकत हुतं थोडं!"

"म्हंजे ठिबकताना दिसलं."

बाहेरून एक ट्रक गेला, शटर खडखडलं.

"ह्या नळ्या मी रोज तोडते," रतनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तुटताना आवाज येतो. कट्‌कन. हाताला कळतं. मुंबईला बसल्याल्या मानसाला कळंल, एवढं कळतं. काळी नळी त्या खुंटीवर हुती. चार पावलांवर. मी हितंच बसल्ते, लेकराच्या हातावर साखर ठिवत. निस्तं म्हनला असता, रतने, नळी दे. सरांना म्हनलं असतं, मीच सांगितलं हुतं बदलायला. तुमचा शबूद खाली पडू दिला नसता मी. आजवर दिलाय का?"

तो व्हाइसचा दांडा फिरवत होता. व्हाइस रिकामा होता.

"तुमी मला निस्तं मागायचं हुतं," ती म्हणाली. "ते बी जमलं न्हाई? का मागितलं तर रतन बरुबर हुती असं झालं असतं?"

"सरांनी काय म्हनलं ऐकलंस ना?" तो एकदम फिरला. "देवमानूस म्हनले! अन् तू हितं..."

"ऐकलं. म्हनून तर इचारते." तिनं नळी उचलली आणि तड्याची बाजू त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "दुसऱ्या कुनाला सांगनार न्हाई मी. ओंकारला न्हाई, सरांना न्हाई. पर मला सांगा. बॉनेट लावायच्या आधी आवाज आला हुता का न्हाई?"

कारभारीनं नळीकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं नाही. खुंटीवरची टोपी काढली, गुडघ्यावर दोनदा झटकली, डोक्यावर ठेवली, आणि अर्ध्या शटरखालून वाकून तो रस्त्यावर चालता झाला.